बाहेरून जोडणी द्यायची, पण डेटाबेस उघडा पडू द्यायचा नाही

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका भुसार पेढीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मागणी साधी होती. दुकान यार्डात, गोदाम उरुळी देवाचीला, आणि दिवाणजींना गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सिंहगड रस्त्यावरच्या घरूनच हिशेब बघायचे होते. बिलिंगचं सॉफ्टवेअर थेट पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारं, आणि तो डेटाबेस भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर. शेठ म्हणाले, "तिन्हीकडून चाललं पाहिजे, आणि चौथ्या कुणाला दिसता कामा नये."

नेटवर शोधलं तर याचं उत्तर दोन ओळींत मिळतं: 'लिसन_अ‍ॅड्रेसेस'मध्ये (पोस्टग्रेसने कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं ती सेटिंग) स्टार टाका, 'पीजी_एचबीए'मध्ये (कुणाला आत घ्यायचं ती फाइल) ०.०.०.०/०, म्हणजे कुठलाही पत्ता, टाका, रीस्टार्ट करा. तिन्हीकडून चालू होतं, हे खरं. पण मग तो डेटाबेस सगळ्या जगासाठी उघडा असतो. हे काम पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांना त्या दोन ओळींवर थांबावं लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सर्व्हरवर उबुंटू (लिनक्स) आणि पोस्टग्रेस धरून चाललोय. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जिथे वेगळं आहे तिथे सांगतो. कमांड आणि फाइलची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थात रोमनमध्ये करा.

१. आधी कागद घ्या

कोण जोडणार, कुठून जोडणार आणि जोडून काय करणार, हे तीन रकाने आखा. पेढीचा कागद असा झाला: दुकान बिलं लिहिणार आणि वाचणार. गोदाम साठा वाचणार आणि बदलणार, बिलांना हात लावणार नाही. दिवाणजी सगळं वाचणार, लिहिणार काहीच नाही. चौथी ओळ माझी, देखभालीसाठी. पाचवी ओळ नाही.

हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात. पण पुढे फायरवॉलचा (कोणती रहदारी आत येऊ द्यायची ते ठरवणाऱ्या भिंतीचा) नियम, डेटाबेसमधला रोल (वापरकर्त्याचं खातं), पीजी_एचबीएतली ओळ, सगळं या कागदावरूनच उतरवायचं असतं. कागद नसला की 'सध्या सगळ्यांना देऊन ठेवू, नंतर कमी करू' असं होतं, आणि ते नंतर कधी येत नाही.

२. उघडा पोर्ट किती लवकर सापडतो

"आमच्या एवढ्याशा सर्व्हरकडे कोण बघायला येतंय?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकायला मिळतो. कुणी माणूस बघत बसलेला नसतो, यंत्रं फिरत असतात. आयपीव्ही४ चे (इंटरनेटवरचे नेहमीचे आयपी) सगळे पत्ते मिळून ४३० कोटींच्या आत आहेत. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, त्याने साध्या गिगाबिट जोडणीवरून या सगळ्या पत्त्यांवरचा एक पोर्ट (मशीनचा क्रमांक दिलेला दरवाजा) ४५ मिनिटांच्या आत तपासून होतो. पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, मोंगोडीबीचा २७०१७, रेडिसचा ६३७९ हे पोर्ट तर सगळ्यांना पाठ आहेत.

जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड न लावता नेटवर उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच शोधून रिकामे केले गेले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. अनेकांनी पैसे भरूनही डेटा परत मिळाला नाही, कारण चोरांनी तो उतरवून घेतलाच नव्हता, नुसता पुसला होता.

मी स्वतः एकदा रिकामा पोस्टग्रेस मुद्दाम एका संध्याकाळी उघडा ठेवला. आत एकही टेबल नव्हतं. सकाळी लॉग उघडला तर खालपासून वरपर्यंत एकच ओळ: 'फेटल: पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर पोस्टग्रेस'. मग मध्येच युजर अ‍ॅडमिन, युजर टेस्ट, युजर रूट, आणि पुन्हा पोस्टग्रेस. दोन ओळींमध्ये कुठे दोन सेकंद, कुठे चार. हा लॉग नवीन माणसाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. त्यानंतर पुढच्या पायऱ्या कुणी टाळत नाही.

३. डेटाबेस कुठे कान देऊन बसलाय ते बघा

सर्व्हरवर 'सुडो एसएस -टीएलएनपी' चालवा. ५४३२ च्या ओळीत १२७.०.०.१ दिसलं तर डेटाबेस फक्त त्याच मशीनचं ऐकतोय. ०.०.०.० किंवा स्टार दिसला तर तो प्रत्येक जोडणीवर ऐकतोय, नेटवरच्यासुद्धा. पोस्टग्रेस मुळात लोकलहोस्टवरच (म्हणजे त्याच मशीनवर, १२७.०.०.१) ऐकतो, म्हणजे उघडा असेल तर कुणीतरी तो हाताने उघडलाय. मायएसक्यूएलमध्ये हीच गोष्ट 'बाइंड-अ‍ॅड्रेस'मध्ये असते.

सध्या ते लोकलहोस्टवरच राहू द्या. डेटाबेसला थेट नेटवर आणायचंच नाही. बाहेरच्या माणसाला सर्व्हरपर्यंत बंदिस्त वाट करून द्यायची आणि त्या वाटेच्या शेवटी डेटाबेस भेटू द्यायचा.

४. वाट कोणती निवडायची

तीन वाटा आहेत: ठराविक आयपीला परवानगी देणं, एसएसएचचा (सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीचा) बोगदा, आणि वायरगार्ड (वेगवेगळी ठिकाणं जोडणारं खाजगी जाळं, म्हणजे व्हीपीएन).

आयपीची परवानगी सगळ्यात सोपी वाटते आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवते. कार्यालयात पैसे भरून घेतलेला स्टॅटिक आयपी असेल तर ठीक. पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे आपल्याला काही नवीन नाही. वीज आली, राउटर पुन्हा सुरू झाला, आयपी नवा मिळाला, आणि दिवाणजींचा फोन: "अहो, उघडत नाहीये." दोन-तीन गुरुवार असे गेले की कुणीतरी वैतागून ०.०.०.०/० टाकतं.

दुसरी अडचण याहून वाईट आहे. मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर एकच सार्वजनिक आयपी शेकडो ग्राहक मिळून वापरतात. तुम्ही दिवाणजींचा म्हणून जो पत्ता आत घेतला, त्याच पत्त्यावरून अनोळखी माणसंही येत असतात. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमची जोडणी अशीच सामायिक आहे असं समजा.

एकट्या माणसाला अधूनमधून काम करायचं असेल, तर एसएसएचचा बोगदा उत्तम. नवीन काही बसवावं लागत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर 'एसएसएच -एन -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२ वापरकर्ता@सर्व्हर' (एन आणि एल दोन्ही मोठ्या लिपीतले) चालवलं की लॅपटॉपच्या ५४३३ पोर्टवर जे पाठवाल ते बंद नळीतून सर्व्हरच्या ५४३२ वर पोहोचतं. डेटाबेसला वाटतं, जोडणी त्याच मशीनवरून आली. माझ्या देखभालीसाठी मी हेच वापरतो.

रोज दिवसभर चालणाऱ्या, तीन ठिकाणच्या कामासाठी मात्र वायरगार्ड. पेढीसाठी मी तेच निवडलं.

५. एसएसएचचं दार आधी घट्ट करा

वाट कोणतीही निवडा, सर्व्हर सांभाळायला एसएसएच लागतंच. 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' ने किल्ली बनवा, तिला पासफ्रेज द्या, सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवा. किल्लीने लॉगिन होतंय हे पाहून मगच 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' करा. हे करताना पहिली खिडकी बंद करू नका, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. चुकलं तर पहिली खिडकी तुम्हाला वाचवते.

इथे एक खाचखळगा आहे. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये (तयार मशीनच्या साच्यात) 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' या फोल्डरात आणखी एक छोटी फाइल असू शकते आणि तिच्यात पासवर्डला 'येस' लिहिलेलं असू शकतं. एसएसएच जी किंमत आधी वाचतो तीच धरतो, म्हणून मुख्य फाइलमध्ये तुम्ही 'नो' लिहूनही पासवर्ड चालूच राहतो. फाइल वाचून खात्री धरू नका. 'सुडो एसएसएचडी -टी' (इथला टी मोठ्या लिपीतला) चालवा, प्रत्यक्षात काय लागू आहे ते तो छापून दाखवतो.

दुसऱ्या कुणाला फक्त बोगदा द्यायचा असेल तर त्याची शेल (सर्व्हरवर कमांड चालवायची जागा) 'नोलॉगिन' करा आणि 'ऑथराइज्ड_कीज'मध्ये त्याच्या किल्लीच्या आधी 'रिस्ट्रिक्ट,पोर्ट-फॉरवर्डिंग,परमिटओपन="लोकलहोस्ट:५४३२"' लिहा. मग ती किल्ली डेटाबेसपर्यंतच नेते, सर्व्हरवर इकडेतिकडे फिरू देत नाही.

६. वायरगार्ड बसवताना

वायरगार्ड यूडीपीच्या ५१८२० पोर्टवर बसतो, आणि ओळखीची किल्ली नसलेल्याला काहीच उत्तर देत नाही. बाहेरून तपासणाऱ्याला तिथे काही आहे की नाही, हेसुद्धा कळत नाही.

सर्व्हरला आतला पत्ता दिला १०.८.०.१, दुकानाला १०.८.०.२, गोदामाला १०.८.०.३, दिवाणजींना १०.८.०.४. प्रत्येकाची किल्ली वेगळी. एकच फाइल तिघांना वाटून टाकायचा मोह होतो, तो आवरा. एकाचा लॅपटॉप हरवला तर तिघांचं काम बंद पडेल. सर्व्हरवर प्रत्येक पीअरच्या (जोडलेल्या मशीनच्या) 'अलाउडआयपीज'मध्ये त्याचाच पत्ता /३२ (म्हणजे तो एकच पत्ता) लावून लिहा. उलट बाजूला, दिवाणजींच्या लॅपटॉपवर 'अलाउडआयपीज'मध्ये फक्त १०.८.०.१/३२ लिहा, म्हणजे त्यांचं बाकीचं इंटरनेट तुमच्या सर्व्हरवरून वाहणार नाही. ग्राहकाच्या (जोडणाऱ्या मशीनच्या) बाजूला 'पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५' ठेवा, नाहीतर राउटर थोड्या वेळाने वाट विसरतो.

ग्राहकाचा आयपी सर्व्हरवर लिहावाच लागत नाही. वीज जाऊन आली, पत्ता बदलला, तरी पहिल्याच खऱ्या पाकिटावरून सर्व्हर नवीन पत्ता ओळखतो. दिवाणजींचे गुरुवारचे फोन बंद झाले ते यामुळे.

आता पोस्टग्रेसच्या 'लिसन_अ‍ॅड्रेसेस'मध्ये 'लोकलहोस्ट,१०.८.०.१' लिहा. यासाठी रीलोड पुरत नाही, रीस्टार्ट लागतो. आणि मशीन एकदा बंद-चालू करूनही बघा. मशीन उठताना वायरगार्डच्या आधी पोस्टग्रेस उठला, तर १०.८.०.१ अजून अस्तित्वातच नसतो. पोस्टग्रेस लॉगमध्ये एक तक्रार लिहितो आणि नुसत्या लोकलहोस्टवर सुरू होतो. सर्व्हरवरून सगळं ठीक दिसतं, दुकानातून काहीच उघडत नाही. सिस्टमडीमध्ये (मशीन उठताना सर्व्हिस चालू करणाऱ्या साधनात) पोस्टग्रेसच्या सर्व्हिसला 'आफ्टर=डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०.सर्व्हिस' ही ओळ जोडली की प्रश्न मिटतो.

७. फायरवॉल

यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल वापरताना क्रम महत्त्वाचा. आधी एसएसएचला परवानगी, मग आत येणाऱ्या सगळ्याला नकार, मग ५१८२०/यूडीपीला परवानगी, मग 'अलाउ इन ऑन डब्ल्यूजी० टू एनी पोर्ट ५४३२ प्रोटो टीसीपी', आणि सगळ्यात शेवटी 'इनेबल'. क्रम उलटा झाला तर तुम्ही स्वतःच बाहेर राहता. क्लाउडवाल्याच्या पानावर वेगळी फायरवॉल असते, तिथेही एवढंच उघडा.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. '-पी ५४३२:५४३२' असं लिहून कंटेनर चालवला की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो, आणि त्या पोर्टवरची रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांना चुकवून आत जाते. 'यूएफडब्ल्यू स्टेटस' म्हणतो बंद आहे, प्रत्यक्षात पोर्ट सताड उघडा असतो. चांगल्या जाणत्या लोकांना यात फसलेलं मी पाहिलंय. '-पी १२७.०.०.१:५४३२:५४३२' असं लिहा, किंवा वायरगार्डचा पत्ता पुढे लावा.

८. पीजी_एचबीए: वरून पहिली जुळलेली ओळ

या फाइलमध्ये कोणता रोल, कोणत्या डेटाबेसला, कुठून आणि कशा ओळखीने येऊ शकतो हे लिहिलेलं असतं. पोस्टग्रेस वरून खाली वाचत येतो आणि पहिली जुळलेली ओळ वापरतो. तिथे नकार मिळाला तर पुढच्या ओळी बघत नाही. परवानगी मिळाली तर खालच्या कडक ओळींना काही अर्थ उरत नाही.

एका ठिकाणी नेमकं हेच घडलं होतं. मला बोलावलं तेव्हा तक्रार एवढीच होती, "दादा, सर्व्हर फार हळू चाललाय." प्रोसेसरचे चारही कोअर शंभर टक्क्यांवर. पोस्टग्रेस वापरकर्त्याच्या नावाने टेम्प फोल्डरातून एक अनोळखी प्रोग्रॅम चालू होता, कुणा दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन काढणारा. पीजी_एचबीए उघडली तर खाली नीट लिहिलेल्या सात-आठ ओळी, आणि सगळ्यांच्या वर एक: होस्ट, ऑल, ऑल, ०.०.०.०/०, ट्रस्ट. ट्रस्ट म्हणजे पासवर्ड विचारायचाच नाही. नऊ दिवसांपूर्वी रात्री एक अहवाल निघेना, म्हणून कुणीतरी तात्पुरती घातलेली ती ओळ होती. मशीन पुसून पुन्हा उभं करावं लागलं.

पेढीच्या ओळी अशा आहेत:

होस्टएसएसएल पेढी दुकान १०.८.०.२/३२ स्क्रॅम-शा-२५६
होस्टएसएसएल पेढी गोदाम १०.८.०.३/३२ स्क्रॅम-शा-२५६
होस्टएसएसएल पेढी दिवाणजी १०.८.०.४/३२ स्क्रॅम-शा-२५६

होस्टएसएसएल म्हणजे सांकेतिक (टीएलएस) जोडणीच चालेल. बाहेरच्यांसाठी एवढंच. 'ऑल' कुठेही नाही. स्क्रॅम ही पासवर्ड तपासायची पद्धत पोस्टग्रेस १४ पासून मुळातच चालू असते. जुन्या आवृत्तीवरून आला असाल तर एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड नव्याने द्यावे लागतील. ते पीएसक्यूएलमधल्या 'बॅकस्लॅश पासवर्ड' या कमांडने द्या, म्हणजे साधा पासवर्ड लॉगमध्ये राहत नाही. फाइल बदलल्यावर 'पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' या व्ह्यूमध्ये चुका दिसतात का ते बघा, मग रीलोड करा.

मायएसक्यूएलमध्ये हे काम वापरकर्त्याच्या नावातच असतं: 'दुकान'@'१०.८.०.२'. तिथे '@' नंतर टक्क्याचं चिन्ह दिसलं तर तो कुठूनही येऊ शकतो असा अर्थ.

९. रोल आणि अधिकार

सुपरयुजर बाहेरून कधीच नको. पोस्टग्रेसचा सुपरयुजर 'कॉपी फ्रॉम प्रोग्रॅम' वापरून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकतो. वरच्या प्रसंगात चोर डेटाबेसमधून मशीनवर उतरला तो याच दाराने. बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारे कधीकधी सुपरयुजरचाच पासवर्ड मागतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा, आणि नेमके कोणते अधिकार लागतात ते लेखी मागा.

कागदावरून रोल बनवा. दिवाणजींना सिलेक्ट. गोदामाला साठ्याच्या टेबलांवर सिलेक्ट आणि अपडेट. नंतर सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती येते, नवीन टेबल बनतं, आणि दिवाणजींच्या अहवालात 'परमिशन डिनाइड' येतं, कारण जुने अधिकार नव्या टेबलाला आपोआप लागत नाहीत. 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' त्यासाठी आहे. मात्र टेबल जो रोल बनवणार आहे त्याच्या नावानेच ते लावा.

१०. टीएलएस थोडक्यात

वायरगार्डमध्ये वाट आधीच सांकेतिक असते, तरी मी होस्टएसएसएल ठेवतो. खर्च जवळपास नाही. पण काही कारणाने पोस्टग्रेस थेट नेटवर ठेवावा लागलाच, तर ग्राहकाच्या बाजूला 'एसएसएलमोड' 'व्हेरिफाय-फुल' हवा. 'रिक्वायर' एवढ्याने मजकूर झाकला जातो, पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे याची खात्री होत नाही.

११. बाहेर जाऊन तपासा

सर्व्हरवर बसून केलेली तपासणी पुरेशी नाही. वायरगार्ड बंद करा, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि 'एनमॅप -पी ५४३२ -पीएन' (उघडे पोर्ट तपासणारं साधन; पीएनमधला पी मोठ्या लिपीतला) सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यावर चालवा. 'फिल्टर्ड' आलं पाहिजे. 'ओपन' आलं तर डॉकरकडे आधी बघा. मग वायरगार्ड चालू करून दुकानाच्या रोलने गोदामाच्या पत्त्यावरून जोडायचा प्रयत्न करा. नकार मिळाला पाहिजे. जे चालायला नको ते चालत नाही ना, हे तपासायचं लोक विसरतात.

१२. नंतरची राखण

'लॉग_कनेक्शन्स' चालू करा आणि 'लॉग_लाइन_प्रीफिक्स'मध्ये '%एच' घाला, म्हणजे प्रत्येक ओळीत कुठून आलं ते दिसेल. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शेठना हे आकडे एकदा सांगा, वार्षिक देखभालीचं बिल समजावून सांगावं लागत नाही.

बॅकअप दुसऱ्या मशीनने येऊन ओढून न्यावा. सर्व्हरने स्वतः ढकललेला बॅकअप सर्व्हरवर घुसलेला माणूसही पुसू शकतो. 'पीजी_डंप'मध्ये रोल येत नाहीत, ते 'पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली' ने वेगळे घ्या. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप रिकाम्या मशीनवर उभा करून शेवटचं बिल कोणत्या तारखेचं दिसतंय ते बघा.

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी दोन गोष्टी करा: वायरगार्डमधून त्याचा पीअर काढा आणि डेटाबेसमध्ये त्याच्या रोलला 'नोलॉगिन' करा. आधीपासून उघडी असलेली जोडणी एवढ्याने तुटत नाही, ती 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' ने तोडा. मग पहिल्या पायरीतला कागद काढा, त्याची ओळ खोडा आणि शेजारी तारीख लिहा. पेढीचा कागद गल्ल्यामागच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर आत्तापर्यंत दोन ओळी खोडल्या गेल्यात आणि तीन नव्या आल्यात.